बॉक्साइट इथलं, युरियाही ओळखीचा

राधानगरी तालुक्यात दुर्गमानवाडच्या सड्यावरचं बॉक्साइट बेळगावला हिंडाल्कोच्या कारखान्यात जातं आणि तिथं त्याचा अल्युमिना होतो. त्यामुळे २०१५ च्या एप्रिलमध्ये स्टॅनफर्डच्या होंगजिए दाई यांच्या गटानं अ‍ॅल्युमिनियमची बॅटरी ‘नेचर’मध्ये मांडली, तेव्हा आम्हा कोल्हापूरकरांचे कान टवकारले तर नवल नाही. मिनिटभरात चार्ज, चार्ज-डिस्चार्जच्या साडेसात हजार फेऱ्यांनंतरही शाबूत.

धातू स्वस्त होता, महाग होता तो आतला द्रव: अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड आणि एक इमिडॅझोलियम मीठ. शिवाय या बॅटरीत द्रव नुसता हमाल नसतो. चार्ज होताना एका टोकाच्या पत्र्यावर चढणारं अ‍ॅल्युमिनियम त्यातलंच, दुसऱ्या टोकाच्या ग्रॅफाइटमध्ये शिरणारे आयनही त्यातलेच. वीज जास्त साठवायची तर द्रवही जास्त ओता.

२०१७ मध्ये याच गटानं त्या मिठाच्या जागी युरिया घातला. उसाच्या मुलखात हे वाचून हसूच येतं. (आपलं २६६ रुपयांचं पोतं मात्र चालायचं नाही, त्याला कडुनिंबाचं तेल असतं, आणि भावही अनुदानाचा.) क्लोराइडच्या भुकटीत युरिया थोडा थोडा टाकत गेलं की दोन कोरडे पदार्थ आपसूक तापतात आणि पातळ होतात. घाई केली की मिश्रण बिघडतं. या द्रवाच्या बॅटरीत भरलेल्या प्रभारापैकी सुमारे ९९.७ टक्के परत मिळाला. द्रव दाट असल्यानं चार्जिंग मात्र मंदावलं.

खरी अडचण दमटपणाची. अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडला ओल लागली की हायड्रोक्लोरिक आम्लाचा धूर निघतो. म्हणून सगळं काम आरगॉन भरलेल्या बंद पेटीत, रबरी हातमोज्यांत हात घालून. आपल्याकडच्या जुलैत तर ती पेटी उघडायचा विचारही नको. त्यात हा द्रव नेहमीच्या स्टीलच्या सेलचं कवच खातो. मग टेफ्लॉन आणा, मॉलिब्डेनम आणा. युरियानं वाचवलेले पैसे भांड्यात जातात. स्वस्त द्रवाच्या बातम्यांत हा हिशेब क्वचितच दिसला.

ओलीची भीती टाळायला पाण्यातले द्रवही करून पाहिले गेले; तिथं पत्र्यावरची ऑक्साइडची साय आणि सुटणारा हायड्रोजन आडवे आले.

२०२३ मध्ये हिंडाल्कोनं इस्रायलच्या फिनर्जीशी आणि तिच्या इंडियन ऑइलबरोबरच्या कंपनीशी करार केला, तो अ‍ॅल्युमिनियम-हवा बॅटरीसाठी. तिचा द्रव म्हणजे पाण्यात विरघळवलेला अल्कली, स्वस्त आणि ओलीला न भिणारा. ती चार्ज होत नाही, पत्रा संपला की बदलायचा. मागे उरतं ते अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड. बॉक्साइट कॉस्टिक सोड्यात शिजवून अल्युमिना काढतानाही मधल्या टप्प्यावर हेच हाती येतं.