आतड्यातील मज्जापेशींचा प्रवास

श्रोतेहो, घरात बाळ जन्मले की जाणत्या बायका पहिल्याच दिवशी विचारतात, "बाळाला शी झाली का?" हा प्रश्न अगदी योग्य आहे. तो का योग्य, हे समजायला बाळ आईच्या पोटात असतानाची हकीकत पाहिली पाहिजे.

आपण घास गिळला की पुढचे काम आपल्या हाती राहत नाही. आतडे मागून आवळते, पुढे सैल पडते आणि अन्न खाली सरकते. हे सारे मेंदू घडोघडी सांगत नसतो. १८९९ साली बेलिस आणि स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञांनी कुत्र्याच्या आतड्याकडे जाणारे बाहेरचे मज्जातंतू तोडून पाहिले. तरीही आतडे आपले काम करीतच राहिले. कारण आतड्याच्या भिंतीतच कोट्यवधी मज्जापेशींचे जाळे असते. शाळेच्या पुस्तकात यांनाच चेतापेशी म्हणतात.

आता गंमत पाहा. या पेशी मूळच्या आतड्यातल्या नव्हेतच! गर्भ सुमारे चार आठवड्यांचा असताना त्याच्या मानेच्या मागच्या भागातून काही थोड्या पेशी निघतात, अन्नमार्गाच्या वरच्या टोकाशी शिरतात आणि संख्येने वाढत वाढत सातव्या आठवड्याच्या सुमारास खालच्या टोकापर्यंत पोचतात.

मग त्यांना वाट कोण दाखवते? खुद्द आतड्याची भिंत. तिच्यातून एक प्रथिन पाझरते. त्याचे आखूड नाव जी. डी. एन. एफ. अशा द्रव्यांना 'वाढीचे घटक' म्हणतात. ते ओळखणारे 'रेट' नावाचे दुसरे प्रथिन त्या प्रवासी पेशींच्या अंगावर असते. दोघांची गाठ पडली की पेशी जगते, तिची संख्या वाढते आणि ती पुढे सरकते. एंडोथेलिन-३ नावाचे आणखी एक द्रव्य पेशींना अकाली पक्व होऊ देत नाही. कारण पक्व झालेली पेशी वाटेतच ठाण मांडते.

हा जी. डी. एन. एफ. १९९३ साली सापडला, तो मेंदूच्या पेशींवर काम करताना. पुढे १९९६ साली तो मुळीच तयार होणार नाही असे उंदीर प्रयोगशाळेत निपजवले, तेव्हा त्यांच्या आतड्यांत मज्जापेशी आढळल्या नाहीत.

पाटाचे पाणी वरच कमी पडले तर कोरडे कोणते वावर राहते? अगदी शेवटचे. इथेही तसेच होते. रेटमध्ये किंवा या घटकांत जन्मजात दोष असला, तर पेशी खालपर्यंत पोचत नाहीत आणि मोठ्या आतड्याचे शेवटचे टोक मज्जापेशींविना राहते. ते आवळलेलेच राहते, मळ अडतो आणि वरचे आतडे फुगते. कोपनहेगनचे डॉक्टर हर्शस्प्रुंग यांनी १८८६ साली अशी दोन बालके वर्णिली. म्हणून या विकाराला त्यांचे नाव आहे. सुमारे पाच हजार बाळांत एकाला तो होतो. त्या काळी फुगलेले आतडेच रोगी वाटे. खरा दोष खालच्या अरुंद भागात आहे, हे फार उशिरा उमगले. १९४८ साली स्वेन्सन यांनी तो भाग काढून वरचे निरोगी आतडे खाली आणून जोडण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली आणि अशी मुले जगू लागली.

तेव्हा शिक्षकबंधूंनो आणि मायबहिणींनो, एवढे ध्यानात ठेवा. पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळाला बहुधा २४ तासांत आणि जवळजवळ नेहमीच ४८ तासांत काळसर, चिकट शी होते. ती झाली नाही, तर बाळ डॉक्टरांना दाखवावे. पोट फुगले किंवा हिरवी उलटी झाली, तर तासभरही थांबू नये. पोटावर हिंग लावीत, घुटी किंवा एरंडेल पाजीत वेळ घालवू नये. जिथे मज्जापेशीच नाहीत तिथे हे उपाय काय करणार? आणि हो, बाळंतिणीला बोल लावू नये. वाट चुकली ती गर्भातल्या इवल्या पेशींची, आईची नव्हे.