मिशीचं टोक

एसेक्स परगण्यातलं कुरण, जुलैची दुपार. बोटाच्या पेराएवढी नारिंगी फुलपाखरं गवतातून सुळसुळत होती. स्मॉल स्किपर आणि एसेक्स स्किपर. रंग तोच, उडण्याची ढब तीच. इतकी सारखी, की ब्रिटनमध्ये ही दोन वेगळी आहेत याचा 1889 पर्यंत कुणाला पत्ताच नव्हता. फरक मिशीच्या टोकाला, तोही खालच्या बाजूला. स्मॉलचं टोक तांबूस, एसेक्सचं काळं. एवढ्याशा फरकामागे माणसं कशी लागतात, ते पाहायला मी गेले होते.

सोबतच्या बाई सत्तरीच्या, निवृत्त परिचारिका. एप्रिल ते सप्टेंबर, सव्वीस आठवडे, आठवड्यातून एकदा ठरलेल्या वाटेने चालायचं आणि डावी-उजवीकडे अडीच-अडीच मीटर, पुढे पाच मीटर, एवढ्यात दिसतील ती फुलपाखरं मोजायची. देशभर हे 1976 पासून चाललंय. मानधन नाही. सव्वीस आठवड्यांत गुडघे किती दुखतात, याची नोंद कुठल्याच तक्त्यात नाही.

खरी गंमत पुढेच. देशाच्या मोजणीत हे दोन स्किपर एकत्र नोंदवले तरी चालतात; वेगळे ओळखलेच पाहिजेत अशी सक्ती नाही. तरी फेरी संपल्यावर बाई मागे वळल्या. आधी गुडघे टेकले, मग कोपरं. टोक खालून दिसायचं तर फुलपाखराच्या नाकासमोर, त्याच्याच उंचीवर यावं लागतं. पेन्सिल दातात, श्वास रोखलेला. ‘शाईत बुडवलंय,’ त्या पुटपुटल्या. एसेक्स! उठताना मात्र माझा हात लागला.

पुढे त्या अंड्यांवर आल्या आणि थांबेनात. स्मॉलची अळी त्याच वर्षी अंड्यातून बाहेर येते आणि गवताच्या पात्याच्या आवरणात झोपून हिवाळा काढते. एसेक्सचं अंडं मात्र अख्खा हिवाळा तसंच, वसंतात फुटतं. बहुधा अशीच अंडी गवताच्या बियाण्यातून 1910 च्या सुमारास कॅनडात पोहोचली, आणि आज तिथले चारा पिकवणारे शेतकरी याच फुलपाखराच्या नावाने बोटं मोडतात. युरोपातून काय काय निर्यात झालं, पाहा.

सरकारदरबारी न जाणारी बाईंची वही मी मागून घेतली. त्या दिवसाच्या पानावर तीन रकाने होते. एसेक्स अकरा, स्मॉल चार, आणि ‘उडाला’ एकोणीस.