जुनी घरगाडी डोलते, आदळते? आधी वजनकाटा, मग पाना!

ठाण्यात खोपटचे नाव निघाले की एसटीचे आगार आठवते. मोठ्या गाड्यांची चाके या रस्त्यांना नवी नाहीत, आणि कमानपाटे, शॉकअप, बुश हे शब्दही गॅरेजवाल्यांना नवे नाहीत. मात्र अलीकडे एक वेगळे गिऱ्हाईक दारात येऊ लागले आहे. जुनी ट्रॅव्हलर किंवा मिनीबस घेऊन आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी बसवायची आणि घरच्यांना घेऊन फिरायला निघायचे, अशी ही घरगाडी. महाराष्ट्र शासनाने 2021 साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणल्यापासून ही हौस वाढली आहे. चित्रीकरणाच्या व्हॅनिटी व्हॅनचे काम करणाऱ्यांना हा प्रकार ओळखीचाच आहे.

सुताराचे काम संपते आणि गाडी कसाऱ्याच्या घाटात किंवा घोडबंदर रस्त्याच्या खड्ड्यांत उतरते, तेव्हा तक्रार सुरू होते. वळणावर गाडी झुलते, ट्रक शेजारून गेला की बाजूला ओढली जाते, खड्ड्यात भांडी खाली येतात. मालक म्हणतो, ‘मिस्त्री, एक पाटा वाढवून द्या.’ पैसे लगेच मिळतात, म्हणून आपणही वाढवून देतो. धंद्यातली पहिली चूक इथेच होते.

पाटा का वाढवू नये?

पाटा वाढवला की गाडी उचलली जाते, पण कडकही होते. रिकाम्या गाडीला आदळे जास्त बसतात. झुलणे थोडे कमी होईल, पण त्याचे खरे कारण शॉकअप किंवा झिजलेले बुश असेल तर दुखणे तसेच राहते. गाडी उंच झाल्याने वळणावरचा तोलही बिघडतो.

म्हणून पाना हातात घेण्याआधी गाडी वजनकाट्यावर न्यावी. टाकी भरलेली, सामान व माणसे आत, अशा स्थितीत पुढच्या आणि मागच्या अॅक्सलचे वजन वेगवेगळे घ्यावे. पाण्याच्या एका लिटरचे वजन एक किलो, म्हणजे 200 लिटरची टाकी म्हणजे 200 किलो. समजा दोन अॅक्सलमधले अंतर 3 मीटर आहे आणि मागच्या अॅक्सलच्या 1 मीटर मागे 150 किलोचे सामान टांगले. मागच्या अॅक्सलवर 200 किलो वाढतात आणि पुढच्यावरचे 50 किलो कमी होतात. स्टिअरिंग हलके पडते आणि गाडी तरंगल्यासारखी चालते, ते यामुळे. दोष पाट्याचा नाही, टाकीच्या जागेचा आहे. टाकी दोन्ही अॅक्सलच्या मध्ये, शक्य तितकी खाली बसवावी. अर्धवट भरलेल्या टाकीत पाणी हिंदकळते, म्हणून आत आडव्या पट्ट्या असाव्यात.

कामाचा क्रम

पहिले टायर. हवा अंदाजाने भरू नये, अॅक्सलच्या वजनाप्रमाणे टायर कंपनीच्या तक्त्यावरून ठरवावी. नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारे होते. टायरच्या बाजूला चार अंकी खूण असते. ‘2319’ म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. घरगाडी उभी जास्त राहते, त्यामुळे टायर झिजण्याआधीच तडकतो.

दुसरे, खेळ. किंगपिन, टाय रॉड एंड, स्टिअरिंग बॉक्स, शॅकल पिन आणि बुश तपासावेत. रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना आवळून टाकू नयेत. गाडीचे वजन चाकांवर आल्यावर शेवटचा पीळ द्यावा, नाहीतर बुश पिळलेलाच राहतो आणि लवकर फाटतो.

तिसरे, कमानपाटे. सेंटर बोल्टच्या भोकापाशी तडा आहे का, एक बाजू बसली आहे का, हे पाहावे. पाटा गॅसने तापवून कमान चढवली तर पोलादाचे पाणी उतरते. चार दिवस कमान दिसते, मग पाटा पुन्हा बसतो किंवा तुटतो. बदलायचा तर दोन्ही बाजूंचा सारखाच बदलावा, यू-बोल्ट नवे घालावेत, आणि काहीशे किलोमीटरनंतर गिऱ्हाइकाला बोलावून ते पुन्हा आवळावेत.

चौथे, शॉकअप. पाटा वजन पेलतो, शॉकअप त्याचे उसळणे थांबवतो. तेल गळत असेल किंवा टायर खळग्या पडून झिजला असेल, तर शॉकअप संपला असे समजावे. तोही जोडीनेच बदलावा.

शेवटी अलाइनमेंट. त्यानंतरही वळणावर झुकणे राहिले, तर झुकाव रोखणाऱ्या बारचा विचार करावा. हा बार आधी बसवला तर खालचा खेळ झाकला जातो, जात नाही.

कागदपत्रे आणि विश्वास

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे नोंदणी पुस्तकाशी न जुळणारा फेरबदल परस्पर करता येत नाही. सीट काढून पलंग बसवणे म्हणजे हौस असली तरी फेरबदलच. आरटीओची मंजुरी आधी घ्यावी, असे गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी सांगावे. काम बिनकागदी झाले, तर उद्या अपघातात बोट कारागिराकडेही वळते.

अंदाजपत्रक लिहून द्या. काढलेला जुना माल परत दाखवा. काम करण्याआधी आणि नंतर गिऱ्हाइकाला शेजारी बसवून त्याच रस्त्यावर गाडी फिरवा. ‘पाटा नको, टाकी सरकवा’ असे सांगितल्याने त्या दिवशीची मजुरी कमी होईल. पण या गाडीत माणसे रात्री झोपतात, मुले मागे खेळतात. घाटाच्या वळणावर त्यांचा जीव आपण आवळलेल्या बोल्टवर असतो.

कारागीर बंधूंनो, 2021 च्या वाहन भंगार धोरणानंतर जुन्या गाडीची तपासणी कडक होत चालली आहे. जुगाडावर चालणारी गाडी त्यात टिकणार नाही. नीट दुरुस्त झालेली टिकेल, आणि ती दुरुस्त करणाऱ्याचे दुकानही टिकेल.