धर्मशाळा अँटवर्पची

लग्नसराई आटोपलेली असते आणि चातुर्मासाला अजून काही आठवड्यांचा अवकाश असतो, असे दिवस व्यापारी घरांत दरवर्षी येतात. पेढीवर गडबड थोडी कमी होते आणि प्रवासाचे विषय निघू लागतात. पूर्वी हे विषय सम्मेदशिखर, पालिताणा, आबू यांच्या पलीकडे क्वचित जात. आता घरातील तरुण युरोपचे नाव घेतात. आणि तेही सहल कंपनीच्या बसमधून नव्हे, तर पाठीवर एक पिशवी टाकून, मित्रांसमवेत, हॉस्टेलमध्ये उतरून. हा शब्द कानी पडताच वडीलधाऱ्यांच्या मनात दोन शंका उभ्या राहतात. मुले सुरक्षित राहतील का, आणि खातील काय? पहिल्या शंकेचे उत्तर बऱ्याच अंशी एका चांगल्या कुलपाने देता येते. दुसरीचे तसे नाही.

पुण्यातील चार मित्रांच्या घरी गेल्या उन्हाळ्यात हाच प्रसंग आला. एकाच्या घरी धान्याची अडत, दुसऱ्याचे कापडाचे दुकान, तिसऱ्याची सराफी, चौथ्याच्या वडिलांचा औषधांचा घाऊक व्यापार. चौघेही बावीस-तेवीस वर्षांचे. ठिकाण सराफांच्या मुलाने सुचवले: बेल्जियममधील अँटवर्प. हिऱ्यांच्या व्यापारामुळे हे नाव त्याने लहानपणापासून घरात ऐकले होते. वडिलांचे म्हणणे असे की, जायचेच तर स्वयंपाकी महाराज बरोबर घेऊन निघणाऱ्या सहलीत जावे. अडतवाल्यांच्या मुलाचा चौविहार वयाच्या पंधराव्या वर्षापासून अखंड चाललेला. त्याच्या आजीने एकच प्रश्न विचारला, “तिथे चूल आहे का?”

या प्रश्नात सगळे आले. हॉटेलच्या खोलीत चूल नसते. तिथे उतरणाऱ्याला तिन्ही वेळा बाहेरच्या हातचे खावे लागते. अनेक हॉस्टेलांत मात्र सामाईक स्वयंपाकघर असते. शेगडी, भांडी, फ्रीज सर्वांना खुले. अनेक म्हणावयाचे, सर्व नव्हे. काही हॉस्टेले केवळ सकाळचा नाश्ता देतात आणि पाहुण्यांना शेगडीला हात लावू देत नाहीत. म्हणून बिछान्याचे भाडे पाहण्याआधी स्वयंपाकघर आहे की नाही ते पाहावे. चौघांनी पहिली निवड एवढ्याच कारणासाठी रद्द केली आणि दुसरे हॉस्टेल घेतले.

खरे पाहता ही व्यवस्था आपल्या समाजाला नवीन वाटण्याचे कारण नाही. तीर्थक्षेत्रीच्या धर्मशाळेत आपल्या आजोबा-पणजोबांनी काय केले? अंथरूण-पांघरूण मागून घेतले, एका दालनात दहा-दहा जण झोपले, भांडी घासून परत दिली. युरोपातील हॉस्टेलचा उगमही असाच साधा आहे. रिचर्ड शिरमान नावाचे एक जर्मन शिक्षक १९०९च्या ऑगस्टमध्ये विद्यार्थ्यांना घेऊन पायी सहलीस निघाले असता वादळात सापडले. ती रात्र त्यांनी एका खेड्यातील शाळेच्या वर्गात, गवताच्या अंथरुणावर काढली. सुट्टीत रिकाम्या पडणाऱ्या शाळा अशा पदयात्री मुलांना का देऊ नयेत, हा विचार त्यांना तिथे सुचला. पुढे १९१२मध्ये आल्टेना येथील जुन्या किल्ल्यात त्यांनी युवकांसाठी कायमचे निवासस्थान सुरू केले. लाकडी पलंगांच्या त्या खोल्या आज संग्रहालय म्हणून जपलेल्या आहेत.

फरक आहे तो शेजाऱ्याचा. धर्मशाळेत पलीकडच्या अंथरुणावर साधर्मिक असतो. हॉस्टेलमध्ये तो कोणत्याही देशाचा असतो आणि सकाळी त्याच शेगडीवर मांस परततो. काही हॉस्टेलांत खाली मद्यालयही असते आणि रात्री उशिरापर्यंत गोंगाट चालतो. हे लपवण्यात अर्थ नाही. आधी राहून गेलेल्यांचे अभिप्राय वाचून शांत जागा निवडता येते, इतकेच. भाडे खोलीचे नव्हे तर बिछान्याचे असते. चार, सहा, आठ बिछान्यांच्या खोल्या असतात. मुलींसाठी स्वतंत्र खोल्याही अनेक ठिकाणी मिळतात. चौघांनी चार बिछान्यांची पूर्ण खोली घेतली, त्यामुळे परक्याचा प्रश्नच उरला नाही. लॉकर मिळतो, पण कुलूप बहुधा आपले न्यावे लागते.

व्हिसाच्या तपशिलात येथे शिरत नाही. मुक्कामाची आरक्षणे, बँकेचे उतारे आणि किमान ३०,००० युरोंचा प्रवासविमा या गोष्टी कोणीही एजंट सांगेल. एक गोष्ट मात्र एजंट सांगत नाही. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध आणि दुग्धजन्य पदार्थ बरोबर नेण्यास मनाई आहे. त्यामुळे आजीने भरलेली तुपाची बरणी आणि माव्याचे पेढे निघण्याच्या आदल्या रात्री पिशवीतून काढावे लागले. खाकरे, मुगाची डाळ, तांदूळ, हळद, हिंग आणि मीठ-मसाल्याचा डबा राहिला.

ब्रुसेल्सच्या विमानतळावरून आगगाडीने अर्ध्या-पाऊण तासात अँटवर्प येते. तेथील मध्यवर्ती स्थानक १९०५ सालचे. घुमट, संगमरवर आणि भव्य जिने असलेले. सामान पाठीवरच असल्यामुळे चौघे स्थानकातून पायीच हॉस्टेलवर गेले.

पहिल्या संध्याकाळी दोन गोष्टी झाल्या. कापडवाल्यांच्या घरून आणलेला ॲल्युमिनियमचा छोटा कुकर तिथल्या इंडक्शन शेगडीवर तापेचना. त्या शेगडीला लोखंडी किंवा चुंबक चिकटेल अशा स्टीलच्या बुडाचे भांडे लागते. सामाईक तवे-पातेली तिथे होती, पण त्यांत आदल्या माणसाने काय शिजवले असेल याची खात्री कोण देणार? शेवटी एक स्टीलचे पातेले आणि एक पळी सामाईक खर्चातून विकत घेतली आणि ती रोज खोलीत नेऊन ठेवली. दुसरी गोष्ट सूर्याची. अडतवाल्यांचा मुलगा सवयीने सहा वाजताच जेवणाची घाई करू लागला. बाहेर पाहतो तर दुपार असल्यासारखे ऊन. जूनच्या उत्तरार्धात अँटवर्पला सूर्य मावळतो रात्री दहाच्या सुमारास आणि उगवतो साडेपाचच्या आत-बाहेर. त्याला अट्ठेचाळीस मिनिटे मिळवली की सव्वासहाला नवकारशी. दिवसभर हिंडून, आठ वाजता परतून, खिचडी लावून, निवांत जेवूनही चौविहार निर्विघ्न पार पडे. हाच प्रवास डिसेंबरात केला असता तर साडेचारच्या सुमारासच सूर्यास्त! व्रत पाळणाऱ्याने युरोपचा महिना निवडताना विमानाच्या भाड्याबरोबर सूर्याचे वेळापत्रकही पाहावे.

दुकानातील खरेदी हे मात्र रोजचे प्रश्नपत्र होते. फोनचा कॅमेरा डच अक्षरे वाचून अर्थ सांगतो, हे खरे. तरी काय शोधायचे ते आपल्याला ठाऊक हवे. चीज गोठवण्यासाठी पुष्कळदा वासराच्या जठरातील पाचकद्रव्य वापरतात. डचमध्ये या विरजणाला ‘स्ट्रेम्सल’ म्हणतात. ते वनस्पतिजन्य किंवा सूक्ष्मजीवजन्य असल्याचे लिहिले असेल तरच घ्यावे. पार्मेझान चीजमध्ये तर ते नियमानेच प्राणिजन्य असते. जेलीच्या गोळ्यांत जिलेटिन, लाल रंगाच्या पदार्थांत ई-१२० हा किड्यांपासून काढलेला रंग. अँटवर्पची ओळख असलेली, हाताच्या पंजाच्या आकाराची बिस्किटे सराफांच्या मुलाने घरच्यांसाठी उचलली होती. त्यांत अंडे असल्याचे कळल्यावर परत ठेवली. औषधवाल्यांचा मुलगा या कामात तरबेज निघाला. घटकद्रव्ये वाचण्याची सवय त्याला गोदामातच लागलेली.

आणि तरीही चूक झाली. बेल्जियममध्ये बटाट्याचे तळलेले काप कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतात. तिघांना कंदमुळाचा कडक त्याग नव्हता. बाहेर बटाटा चालतो, अशी त्यांच्या घरांतली रीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी एका टपरीवर तीन पुडे घेतले. अडतवाल्यांचा मुलगा सफरचंद खात बाजूला उभा होता. पुडे निम्मे संपल्यावर औषधवाल्यांच्या मुलाची नजर टपरीच्या पाटीवरील एका शब्दाकडे गेली आणि त्याने फोन तिकडे धरला. तेथे हे काप परंपरेने बैलाच्या चरबीत तळतात. वनस्पती तेल वापरणाऱ्या टपऱ्याही आहेत, पण विचारावे लागते. यांनी विचारले नव्हते.

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग सराफांचा मुलगा म्हणाला, “घरी सांगायची गरज नाही.” औषधवाल्यांचा मुलगा गप्प राहिला; चूक आपलीच, असे त्याला वाटत होते. कापडवाल्यांच्या मुलाला रात्री झोप लागली नाही. भारतातील घड्याळ उन्हाळ्यात तिथल्याहून साडेतीन तास पुढे असते, म्हणून त्याने पहाटेच आईला फोन लावला. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, “नकळत झालं ना? आल्यावर महाराजसाहेबांकडे जाऊन आलोचना घे. आणि विचारायला लाजत जाऊ नकोस, बाळा. गिऱ्हाईक दुकानात येऊन विचारतंच की.” त्या दिवसापासून विचारण्याचे काम कापडवाल्यांच्या मुलाने स्वतःकडे घेतले.

सामाईक खर्चाची वही सराफांचा मुलगा लिहीत असे. त्या तीन पुड्यांची रक्कम त्याने चौघांत वाटली नाही. तिघांच्याच नावे टाकली. हिशोबाच्या बाबतीत या मुलांना शिकवण्यासारखे फारसे नव्हते. केवळ एकदा ते फसता फसता वाचले. कार्डाच्या यंत्रावर ‘रुपयांत देता की युरोंत?’ असा पर्याय येतो. रुपये पाहून बरे वाटते, पण त्या रूपांतराचा दर दुकानदाराच्या बाजूने लावलेला आणि बहुधा महाग असतो. नेहमी युरो निवडावेत.

व्यापारी घरातील मुलांनी अँटवर्प पाहावे याला हिऱ्यांखेरीजही कारण आहे. १५३१मध्ये येथे व्यापाऱ्यांच्या विनिमयासाठी खास इमारत बांधली गेली. तिच्या नमुन्यावर पुढे टॉमस ग्रेशम यांनी लंडनचे रॉयल एक्स्चेंज उभारले. मूळ वास्तू १८५८च्या आगीत गेली आणि त्याच जागी नवी बांधली गेली. याच शहरात १५४३मध्ये यान इम्पिन यांचे द्विनोंदी जमाखर्चावरील डच पुस्तक छापले गेले. आणि प्लांटिन-मोरेटस संग्रहालय! क्रिस्तोफ प्लांटिन यांनी १५५५मध्ये सुरू केलेली मुद्रणाची पेढी त्यांच्या जावयाच्या वंशजांनी तीनशेहून अधिक वर्षे त्याच घराण्यात राखली आणि १८७६मध्ये ती नगरपालिकेला विकली. घर, दुकान, छापखाना एकाच चौकाभोवती. इ. स. १६००च्या सुमाराचे दोन छापयंत्र तिथे उभे आहेत. पेढीच्या जुन्या खतावण्या व पत्रव्यवहार युनेस्कोच्या जागतिक स्मृतिसूचीत आहेत. प्लांटिन यांच्या वहीत एकेका पुस्तकाचे स्वतंत्र खाते असे: कागद किती, मजुरी किती. आजच्या भाषेत परिव्यय लेखांकन. कापडवाल्यांचा मुलगा अर्ध्या तासाच्या बेताने आत गेला आणि तीन तासांनी बाहेर आला.

हिऱ्यांची पेठ मध्यवर्ती स्थानकाला लागूनच आहे. हिरेबाजाराच्या इमारतीत सर्वसामान्यांना प्रवेश नाही, त्यामुळे सराफांच्या मुलाला रस्त्यावरूनच समाधान मानावे लागले. सौदा पक्का होताना तिथे ‘मझल उब्राखा’ हे हिब्रू शब्द उच्चारतात. ज्यू व्यापाऱ्याइतकेच पालनपूरचा जैन व्यापारीही. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर पालनपुरी कुटुंबे येथे स्थिरावली. लहान खडे निवडून ते सुरत-नवसारीकडे पैलू पाडण्यास पाठवायचे, यांतून त्यांचा व्यापार वाढला.

याच समाजाने शहराच्या दक्षिणेकडील विलराइक भागात पांढऱ्या संगमरवराचे जिनालय उभारले आहे. भारतात घडवलेला पाषाण समुद्रमार्गे आणून ते बांधले गेले आणि २०१०मध्ये प्रतिष्ठा झाली. चौघे शेवटच्या दिवशी सकाळी तिथे गेले. दर्शन झाल्यावर एका वयस्कर श्रावकांनी चौकशी केली.

“कुठे उतरलात?”

“हॉस्टेलमध्ये, काका.”

“आणि जेवणाचं?”

अडतवाल्यांच्या मुलाने पातेल्याची हकीकत सांगितली. ते हसले. तुपाविना खिचडी कशी लागली, एवढेच त्यांनी विचारले. तूप तिथल्या भारतीय दुकानात मिळते, हे यांना तेव्हा समजले!

निघताना पातेल्याचा प्रश्न आला. हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात एक फळी असते. जाणारा प्रवासी उरलेला शिधा तिच्यावर ठेवतो आणि येणारा तो वापरतो. उरलेली मुगाची डाळ आणि हळद त्यांनी फळीवर ठेवली आणि शिजवण्याची रीत इंग्रजीत लिहून ती चिठ्ठी डब्याला चिकटवली. पातेले मात्र अडतवाल्यांच्या मुलाने पिशवीत भरले.

आषाढात चातुर्मास लागला त्या आठवड्यात कापडवाल्यांचा मुलगा आलोचनेसाठी उपाश्रयात गेला. सोबत औषधवाल्यांचा होता. सराफांच्या मुलाने घरी सांगायला पर्युषणापर्यंत वेळ घेतला. आता त्याच्या धाकट्या बहिणीने दोन मैत्रिणींबरोबर पुढच्या जूनमध्ये प्राग पाहण्याचा बेत मांडला आहे. वडील अजून ‘हो’ म्हणालेले नाहीत. मात्र परवा दुकान बंद करता करता त्यांनी तिला दोनच गोष्टी विचारल्या: मुलींची खोली वेगळी मिळते का, आणि तिथे सूर्य किती वाजता मावळतो.