जिन्याची पाळी

स्टुटगार्टला लेकीच्या इमारतीत एक छोटी लाकडी पाटी आहे. ती आज एका दारावर असते, पुढच्या सोमवारी दुसऱ्या. ज्याच्या दारावर पाटी, त्या घराची त्या आठवड्यात जिना झाडायची पाळी. आठवडा संपला की पाटी काढायची आणि शेजारच्या दाराच्या मुठीला अडकवून यायची. बेल वाजवायची नाही, निरोप द्यायचा नाही. सकाळी दूध आणायला शेजारी दार उघडतात आणि त्यांना कळतं, आता आपण.

या पद्धतीला तिथे 'केअरवोखे' म्हणतात. जर्मनीच्या या नैऋत्य कोपऱ्याला श्वाबेन म्हणतात आणि श्वाबेनच्या लोकांची काटकसर आणि स्वच्छता हा बाकीच्या जर्मनांच्या विनोदाचा कायमचा विषय आहे. ते स्वतः मात्र ही गोष्ट फार मनापासून करतात.

मी आयुष्यभर एसटीत वाहतूक नियंत्रक. कोणाची ड्युटी कुठल्या फेरीवर, कोण रजेवर, त्याच्या जागी कोण, हे लावण्यात सगळी नोकरी गेली. शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. एप्रिलमध्ये गेलो आणि त्यातले जवळजवळ सगळे दिवस तिथे काढले. जावईबापूंनी किल्ले दाखवले, मोटारींची संग्रहालयं दाखवली, २१७ मीटर उंचीचा टीव्ही टॉवर दाखवला. काँक्रीटचा असा मनोरा जगात सगळ्यांत आधी इथे, १९५६ मध्ये उभा राहिला. सगळं सुंदर. पण मला विचाराल तर त्या शहरातली सगळ्यांत बघण्यासारखी गोष्ट म्हणजे पाळीचा तक्ता.

केअरवोखेचे दोन प्रकार असतात. छोटी आणि मोठी. छोटीत आपल्या मजल्यापासून खालच्या मजल्यापर्यंतच्या पायऱ्या, कठडा आणि जिन्याची खिडकी येते. मोठीत इमारतीपुढचा फुटपाथ, तळघराचा जिना आणि कचऱ्याच्या टाक्या ठेवायची जागा. हिवाळ्यात फुटपाथवरचं बर्फ बाजूला सारणंही त्यातच. ही रीत आजकालची नाही. १४९२ साली, म्हणजे कोलंबस अमेरिकेला लागला त्याच वर्षी, इथला शासक काउंट एबरहार्ड याने शहरासाठी नियम काढला की प्रत्येकाने आपल्या दारचं शेण आणि उकिरडा दर आठवड्याला शहराबाहेर नेऊन टाकावा. घराघरांत गुरं होती, गल्ल्या अरुंद होत्या, रोगराई होती. तेव्हापासून आठवड्याचा हिशेब चालू आहे. १९८८ मध्ये नगरपालिकेने दर आठवड्याला फुटपाथ झाडण्याची सक्ती नियमांतून काढून टाकली. लोकांनी झाडू काही खाली ठेवला नाही. आता भाडेकरारात लिहून घेतात.

पाटी लेकीच्या दारावर आली त्या आठवड्याच्या शनिवारी मी म्हटलं, हे काम माझं. बादली, पोछा आणि दुभाषी म्हणून दुसरीतली नात, असा लवाजमा घेऊन आम्ही जिन्यात उतरलो. वरून खाली झाडत आणलं, मग पुसत. तळमजल्यावरच्या आजीबाई बाहेर आल्या. वय ऐंशीच्या पुढे, पाठ ताठ, अंगात ॲप्रन. त्यांनी पायऱ्या पाहिल्या, माझ्याकडे पाहिलं, आत गेल्या आणि एक जुना दात घासायचा ब्रश घेऊन आल्या. कठड्याची लोखंडी सळई पायरीत जिथे रुतलेली असते तिथे भोवती धुळीची बारीक गोल रेघ धरते. आजींनी गुडघ्यावर बसून एका सळईची रेघ ब्रशने काढून दाखवली. मग ब्रश माझ्या हातात दिला. नात म्हणाली, "आजोबा, त्या म्हणतायत तुमचा हात चांगला आहे, फक्त हत्यार मोठं आहे."

मी सगळ्या सळया ब्रशने घासल्या. आजी पुन्हा आल्या, कठड्यावरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं आणि एक शब्द न बोलता आत गेल्या. नातीला वाटलं रागावल्या. संध्याकाळी जावईबापू हसून म्हणाले, "बाबा, श्वाबेनमध्ये एक म्हण आहे, रागावलं नाही म्हणजे पुरेसं कौतुक झालं. तुम्हाला तर आज पदक मिळालं."

दुसऱ्या दिवशी आजी वाडगा घेऊन दारात. त्यांच्याकडचा खास पदार्थ, मसूर आणि श्पेट्झले. श्पेट्झले म्हणजे मैदा आणि अंड्याच्या सैल पिठाचे तुकडे उकळत्या पाण्यात सोडून केलेल्या वेड्यावाकड्या शेवया. मसुरात एरवी डुकराचं मांस आणि वर सॉसेज असतं. आम्ही ते खात नाही हे त्यांनी नातीकडून आधीच काढून घेतलं होतं आणि मसूर वेगळा शिजवला होता. वरून व्हिनेगरची आंबट धार. आमच्या हिने पहिला घास घेतला आणि म्हणाली, "अहो, ही तर वरणफळंच!" अंडं चालतं म्हणून आम्हाला खाता आलं, आणि दोघांनी वाडगा पुसून खाल्ला. वाडगा परत करताना हिने त्यातून शेंगदाण्याची चटणी पाठवली. आजींनी ती लोण्याच्या ब्रेडवर पसरून खाल्ली, असा नातीचा अहवाल आहे.

रविवारचं एक वेगळंच प्रकरण आहे. रविवारी दुकानं बंद. किराणा, कपडे, भाजी, सगळं. स्टेशनवरची आणि पेट्रोल पंपावरची छोटी दुकानं आणि सकाळी काही तास बेकऱ्या, एवढंच उघडं. ही विश्रांती थेट राज्यघटनेत आहे. १९१९ च्या वायमार घटनेतलं १३९ वं कलम १९४९ च्या आजच्या घटनेने जसंच्या तसं उचललं: रविवार आणि सणाचे दिवस हे कामातून मोकळीक देणारे दिवस म्हणून कायद्याने राखले जातील. त्यामुळे रविवारी ड्रिल चालवायचं नाही, गवत कापायचं मशीन चालवायचं नाही. लेकीच्या घरी इडलीचं पीठ शनिवारी संध्याकाळीच वाटतात, तेही मिक्सरखाली टॉवेलची चौपदरी घडी घालून. पहिले काही रविवार हिला करमेना. नंतर तिनेच टेकडीवर फिरायला जायचा नेम लावला. रविवारी अख्खं शहर टेकडीवर असतं: म्हातारे काठ्या टेकत, तान्ही मुलं गाड्यांत, सगळे एकमेकांना नमस्कार करत. दुकानदाराच्या घरच्यांनाही दुकानदार आठवड्यातून एक दिवस मिळतो, ही मला त्या घटनेतली फार माणुसकीची ओळ वाटते.

काचेच्या बाटल्या टाकायलाही रविवारी बंदी आहे, कारण खळकन आवाज होतो. रस्त्याच्या कोपऱ्यावर तीन मोठ्या टाक्या: पांढऱ्या, हिरव्या आणि तपकिरी काचेच्या. लेकीकडे एक निळी बाटली निघाली तेव्हा घरात चर्चासत्रच झालं. निकाल नातीने दिला, शाळेत शिकवलंय म्हणाली: निळी हिरव्यात. पाण्याच्या आणि कोल्ड्रिंकच्या प्लॅस्टिकच्या बाटलीवर तर २५ सेंट अनामत असते. २००३ पासून ही पद्धत आहे. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्राच्या तोंडात द्यायची, ते गिळतं आणि पावती देतं, तेवढे पैसे बिलातून वजा. बागेत मात्र मी पाहिलं, तरुण पोरं रिकामी बाटली कचऱ्याच्या डब्यात टाकत नाहीत, डब्याच्या बाजूला उभी करून ठेवतात. थोड्या वेळाने कुणी गरजू माणूस येतो, पिशवीत भरतो आणि यंत्राकडे नेतो. त्याला कचऱ्यात हात घालावा लागू नये म्हणून ही काळजी. हे कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही.

आता माझ्या खात्याचा विषय. स्टुटगार्ट बशीसारख्या खोलगट जागेत वसलेलं आहे आणि भोवती द्राक्षमळ्यांच्या टेकड्या. मळ्यात जायच्या जुन्या दगडी पायऱ्यांचे जिने अजून शहरभर आहेत, ४०० हून अधिक. टेकडीवर चढायला १८८४ पासून दात्यांच्या रुळावरची छोटी रेल्वे आहे, लोक तिला लाडाने 'त्साके' म्हणतात. मारियनप्लाट्झ ते डेगरलोख, जेमतेम सव्वादोन किलोमीटर, पण चढ असा की डब्याला मधल्या दातेरी रुळात दाते अडकवत वर जावं लागतं. पुढे एक उघडा छोटा डबा जोडलेला, फक्त सायकली ठेवण्यासाठी. सायकल वर जातानाच घेतात. उतारावर तुम्ही आणि तुमची सायकल, दोघं आपापले या. हा नियम ऐकून मी मनात टाळी वाजवली. ज्याने लावला त्याला फेरी आणि प्रवासी दोन्ही कळत होते.

बसमध्ये, ट्राममध्ये कंडक्टर नाही, दाराशी फाटक नाही. तिकीट काढलंय असं धरून चाललेलं असतं. मधूनच साध्या कपड्यातले दोघे उठतात आणि तिकीट विचारतात. नसेल तर ६० युरो दंड. मे २०२३ पासून ४९ युरोचा मासिक पास निघाला, देशातल्या सगळ्या सिटी बस, ट्राम आणि लोकल गाड्यांना चालतो. २०२५ मध्ये तो ५८ युरो झाला. एकाच पासावर बर्लिनची बस आणि स्टुटगार्टची ट्राम, हे घडवून आणायला किती खात्यांना एका टेबलाभोवती बसावं लागलं असेल, याची मला कल्पना आहे.

लांब पल्ल्याच्या रेल्वेचं मात्र तिथलेच लोक कळवळून बोलतात. सहा मिनिटांच्या आत आली तर गाडी वेळेवर धरतात, तरी २०२४ मध्ये अशा गाड्या ६२.५ टक्केच निघाल्या. रूळ जुने, गाड्या फार, दुरुस्त्या वर्षानुवर्षं तुंबलेल्या. स्टुटगार्टचं मुख्य स्टेशन मुंबईच्या सीएसएमटीसारखं शेवटचं, गाडीला आल्या वाटेने उलटं जावं लागतं. ते जमिनीखाली आरपार करायचं काम २०१० मध्ये सुरू झालं. २०१९ ला व्हायचं होतं. खर्च ११ अब्ज युरोंच्या वर गेला आहे. जिन्यातल्या सळईची रेघ ब्रशने काढणाऱ्या लोकांच्या रेल्वेवर ही वेळ यावी, याचं मला खरंच वाईट वाटलं. रुळांनाही पाळीने हात लागावा लागतो, तो बरीच वर्षं लागला नाही.

मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत. तिथे दर उन्हाळ्यात भारतीय चित्रपटांचा महोत्सव भरतो. त्या नात्यात एक देवाणघेवाण आणखी व्हावी असं माझं मत आहे. आपल्या सोसायट्यांत जिना झाडणारी बाई एक दिवस आली नाही की दहा फोन होतात, आणि तेवढ्यात एक झाडू फिरला असता. तिला आठवड्याची हक्काची सुट्टी द्या आणि त्या दिवशीची पाळी घराघराला लावा. तक्ता करून हवा असेल तर मी करून देतो, रजेची सोय धरून.

मुलांकडे जर्मनीला जाणार असाल तर काही गोष्टी सांगून ठेवतो. प्रवासाचा विमा व्हिसासाठी लागतोच, किमान ३०,००० युरोंचा. मासिक पास घेतलात तर तो दर महिन्याला आपोआप पुढे सरकतो, म्हणून परतायच्या महिन्यात १० तारखेच्या आत बंद करा. मसूर-श्पेट्झले मागवताना मांस नको हे आधी सांगा. आणि जमलं तर वसंतात जा. एप्रिलच्या मध्यापासून रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर पांढरा अ‍ॅस्परॅगस येतो, आपल्या शतावरीचा भाऊबंद. लोणी आणि बटाट्याबरोबर फार छान लागतो. शेतकरी २४ जूनला त्याची काढणी थांबवतात, त्याच्या आत पोहोचा.