साठ पत्त्यांच्या पाकिटाने फिरणारा डाव

‘अँड्रॉइड: नेटरनर’ हा दोघांनी खेळायचा पत्त्यांचा डाव. एक खेळाडू बलाढ्य कंपनी होऊन आपले गुप्त प्रकल्प पालथे ठेवतो आणि पूर्ण करतो. दुसरा हॅकर होऊन ते पळवतो. रिचर्ड गारफील्ड यांच्या 1996 सालच्या खेळाची ही नवी आवृत्ती अमेरिकेतील फँटसी फ्लाइट गेम्सने 2012 मध्ये काढली. कंपन्यांचे मुख्य गट चार: हास-बायोरॉइड, जिंटेकी, एनबीएन आणि वेलँड. हॅकरांचे तीन: अनार्क, क्रिमिनल आणि शेपर. परक्या गटाचे पत्तेही आपल्या डेकमध्ये, म्हणजे खेळाआधी रचलेल्या गठ्ठ्यात, वापरता येतात, पण त्यासाठी इन्फ्लुअन्सचे गुण मोजावे लागतात आणि ते बहुधा पंधराच असतात.

मूळ पेटीनंतर छोटी विस्तार-पाकिटे येत गेली. प्रत्येकात वीस प्रकारचे पत्ते, प्रत्येकाच्या तीन प्रती. आत काय निघणार हे आधीच ठाऊक असल्याने नशिबाचा भाग नव्हता. त्यामुळे जोरदार पत्ता सगळ्यांच्या हाती एकदमच पडे. पत्ते गटांमध्ये बेताने वाटलेले असत. बळ मात्र तसे वाटले जात नसे.

एनबीएनचे उदाहरण बोलके आहे. कंपनीला एका पाळीत तीन चाली मिळतात. प्रकल्प मांडायला एक चाल गेली की उरलेल्या दोन चालींत तो दोनच पायऱ्या पुढे सरकतो. तीन पायऱ्यांचा प्रकल्प म्हणूनच एरवी एक रात्र उघड्यावर काढतो आणि हॅकरला संधी मिळते. ‘अ‍ॅस्ट्रोस्क्रिप्ट पायलट प्रोग्रॅम’ हा एनबीएनचा पत्ता पूर्ण केला की तिसरी पायरी फुकट मिळे. पुढचा अ‍ॅस्ट्रोस्क्रिप्ट त्याच पाळीत पूर्ण होई, आणि त्याच्यामुळे त्यापुढचा. हा पत्ता पहिल्या पेटीपासूनच होता. अडचण एवढीच, की पुढची प्रत वेळेवर हाती यायला हवी. 2014 मध्ये ‘निअर-अर्थ हब’ हा एनबीएनचा नवा ओळख-पत्ता आला. त्यात पत्ते मांडायचे नवे ठाणे उघडले की पाळीत एकदा एक पत्ता जास्तीचा ओढता येई, शिवाय इन्फ्लुअन्सही सतरा. उणीव नेमकी तेवढीच होती. ती भरताच एनबीएन आघाडीवर गेला.

उतारा 2015 मध्ये शेपर गटातून आला. ‘क्लॉट’ मांडलेला असेल तर प्रकल्प मांडल्या पाळीतच पूर्ण करता येत नाही. इतर गटांच्या हॅकरांना तो दोन इन्फ्लुअन्स देऊन घेता येई, म्हणजे दुसऱ्या कशावर तरी पाणी सोडून. एनबीएनच्या धास्तीने अनार्क आणि क्रिमिनल यांच्या डेकची रचना बदलावी, हा परिणाम कोणत्याही पत्त्यावर छापलेला नव्हता.

त्याच वर्षीचा ‘ऑर्डर अँड केऑस’ हा मोठा संच खास वेलँड आणि अनार्क यांच्यासाठी होता. दोघांनाही भरपूर मिळाले, वर चढला तो अनार्क. त्यातला ‘आय’व्ह हॅड वर्स’ हा पत्ता प्रहारामुळे हातातून गेला तर हॅकर उलट तीन पत्ते ओढतो. वेलँडचे जुने हुकमी शस्त्र मात्र प्रहाराचेच: हॅकरचा माग लागला की ‘स्कॉर्च्ड अर्थ’ त्याच्या हातातले चार पत्ते जाळतो. ज्या पेटीने वेलँडला बळ द्यायचे, तिनेच त्याच्या शस्त्राची धार बोथट केली. रचनाकारांची ही चूक म्हणण्यापेक्षा दोन बाजूंच्या खेळातला अटळ गुंता म्हणावा.

जुने पत्ते साचत गेल्यावर जोड्याही वाढल्या आणि नुसते नवे उतारे पुरेनात. फेब्रुवारी 2016 पासून लागू झालेल्या ‘मोस्ट वाँटेड लिस्ट’मधील पत्त्याच्या प्रत्येक प्रतीमागे डेकचा एक इन्फ्लुअन्स कापला जाऊ लागला, अ‍ॅस्ट्रोस्क्रिप्ट त्यात होताच. 2017 मध्ये सर्वांत जुनी पाकिटे स्पर्धांतून बाद झाली आणि सुधारित मूळ पेटीतून क्रिमिनल गटाचा आधारस्तंभ असलेला ‘अकाउंट सायफन’ वगळला गेला. 2018 मध्ये फँटसी फ्लाइट गेम्सने खेळ बंद केला. त्यानंतर चाहत्यांच्या स्वयंसेवी संघटनेने, आजच्या नल सिग्नल गेम्सने, नवे संच आणि बंदी-यादी दोन्हींची जबाबदारी उचलली.