अनाथ पिल्लांचे सात महिने

चंद्रपूर जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, वर्धा आणि वैनगंगा या दोन नद्यांच्या मध्ये असलेल्या गोंडपिपरी तालुक्यात धानाची कापणी-मळणी उरकते, त्याच सुमारास गावकुत्र्यांच्या विणीचा हंगाम भरात येतो आणि तणसाचे ढीग, गोठ्यांचे आडोसे, रस्त्याकडेच्या सिमेंटच्या मोऱ्या यांत डोळे न उघडलेली पिल्ले दिसू लागतात. त्यांतली फार थोडी मोठी होतात. कोलकात्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम बंगालमधील ९५ विणींतील ३६४ पिल्लांचा मागोवा घेऊन २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रजननाच्या वयापर्यंत पोचलेल्यांचे प्रमाण अवघे १९ टक्के आढळले, आणि झालेल्या मृत्यूंपैकी ६३ टक्के मृत्यूंना या ना त्या प्रकारे माणूस कारणीभूत होता. वनजिल्ह्यांत त्यात बिबट्याची भर पडते. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील अकोले परिसरात केलेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के वाटा पाळीव व गावठी कुत्र्यांचा निघाला होता. कन्हारगाव अभयारण्याला लागून असलेल्या गावांत रात्री अन्न शोधायला बाहेर पडलेली व्यालेली कुत्री सकाळी परतली नाही, तर गावकऱ्यांना त्याचे कारण शोधावे लागत नाही. चंद्रपूरहून गोंडपिपरीमार्गे आष्टीला वैनगंगा ओलांडून आलापल्लीकडे जाणाऱ्या रस्त्यावरची अवजड वाहतूक हे दुसरे कारण.

अशा पिल्लांना जगवून त्यांना कायमचे घर मिळवून देण्याचे आणि ते देशात न मिळाल्यास परदेशी कुटुंबाकडे सोपवण्याचे काम गेल्या काही दशकांत महाराष्ट्र आणि गोव्यात हळूहळू आकाराला आले. मुंबईत १९८५ पासून भटक्या कुत्र्यांसाठी काम करणारी ‘वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज’, पुण्यातील ‘रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट’, गोव्यात आसगाव येथे १९९८ पासून चालणारे ‘इंटरनॅशनल अ‍ॅनिमल रेस्क्यू’चे केंद्र ही त्यातली ठळक नावे. गोव्यात हिवाळा घालवायला येणाऱ्या युरोपीय पर्यटकांना किनाऱ्यावरच्या पिल्लांचा लळा लागे आणि परतताना ती सोबत न्यावीत असे वाटे, त्यामुळे परदेशी दत्तकविधानाचा हा मार्ग तिथे लवकर रुळला. गोंडपिपरीसारख्या ठिकाणी असे पर्यटक नाहीत, आणि चंद्रपूर शहर पन्नास-साठ किलोमीटर, तर नागपूर त्यापुढे आणखी दीडशे किलोमीटर आहे. तरीही पिल्लू वाचण्याचे शास्त्र सर्वत्र एकच आहे, आणि परदेशातील घर हा त्यातला शेवटचा, काही मोजक्या पिल्लांच्याच वाट्याला येणारा टप्पा आहे, हे ध्यानात घेऊनच या कामाकडे पाहावे लागते.

पहिला प्रश्न पिल्लू खरोखर अनाथ आहे का हा असतो, आणि तो वाटतो तितका सोपा नाही. कुत्री पिल्लांना सोडून तासन्‌तास अन्नाच्या शोधात फिरते, माणसांची गर्दी दिसली तर जवळ येत नाही, आणि कधी कधी एकेक पिल्लू तोंडात धरून जागा बदलत असते. अशा वेळी दयेपोटी उचललेले पिल्लू माणसाच्या हातून अनाथ होते. म्हणून अनुभवी कार्यकर्ते दुरून वाट पाहतात आणि पिल्लांची अवस्था बघतात. पोटे भरलेली, अंगे उबदार आणि एकमेकांना बिलगून झोपलेली पिल्ले बहुधा आईची असतात. सतत केकाटणारी, गार पडलेली, अंगावर माश्या बसू लागलेली पिल्ले मात्र ताबडतोब हलवावी लागतात. आई मेल्याचे कळले असेल तर ती कशाने मेली हेही विचारले जाते, कारण मरण्यापूर्वी तिची वागणूक बदलली होती, ती चावत सुटली होती किंवा तिच्या तोंडातून लाळ गळत होती असे कोणी सांगितले, तर रेबीजच्या शंकेने त्या पिल्लांना हाताळण्याची सगळी रीतच बदलते.

जन्मल्यानंतरचे पहिले दोन आठवडे सर्वांत नाजूक असतात. या काळात पिल्लाला स्वतःच्या शरीराचे तापमान राखता येत नाही. पहिल्या आठवड्यात ते ३५ ते ३७ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असते आणि डिसेंबरच्या विदर्भातील रात्री आईच्या उबेवाचून ते झपाट्याने घसरते. गार पडलेल्या पिल्लाला लगेच दूध पाजणे ही सर्रास होणारी आणि जीवघेणी चूक आहे, कारण थंड शरीरात आतड्यांची हालचाल मंदावते, दूध पचत नाही आणि ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो. आधी ऊब, मग दूध, हा क्रम कधीही मोडता येत नाही. कापडात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली पेटीच्या एकाच बाजूला ठेवतात, म्हणजे उष्णता जास्त झाली तर पिल्लाला सरपटत दूर जाता येते. दूध पाजताना पिल्लू माणसाच्या बाळासारखे उताणे धरायचे नसते, आईला लुचताना असते तसे पोटावर ठेवून डोके किंचित वर उचलायचे असते. गाईच्या दुधापेक्षा कुत्रीच्या दुधात प्रथिने आणि स्निग्धांश दोन्ही दुपटीहून अधिक असतात आणि दुग्धशर्करा कमी असते, म्हणून नुसत्या गाईच्या दुधावर पिल्ले वाढत नाहीत आणि त्यांना हगवण लागते. शहरात मिळणारी पिल्लांसाठीची दूधभुकटी येईपर्यंत पशुवैद्यकाच्या सल्ल्याने दुधात अंड्याचा पिवळा बलक मिसळून वेळ निभावली जाते. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, हे पाजणे चालते. एवढ्याने भागत नाही. इतक्या लहान पिल्लाला आपोआप लघवी वा शी होत नाही, आई चाटते तेव्हाच होते, त्यामुळे प्रत्येक पाजणीनंतर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने ती जागा हलके पुसावी लागते. रोज ठरावीक वेळी स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर वजन केले जाते. वजन एक दिवस जरी स्थिर राहिले तरी काहीतरी बिघडले आहे असे समजतात. याच सुमारास दुसरी एखादी नुकतीच व्यालेली, शांत स्वभावाची कुत्री सापडली आणि तिने हे पिल्लू स्वीकारले, तर त्याहून चांगला उपाय कोणाच्याही हाती नाही.

दहा ते चौदा दिवसांत डोळे उघडतात, तिसऱ्या आठवड्यापासून पिल्ले चालू-खेळू लागतात आणि संकटाचे रूप बदलते. जन्मानंतरच्या पहिल्या दिवशी मिळणाऱ्या चिकातून आईची प्रतिकारशक्ती पिल्लात उतरते आणि ती पुढच्या काही आठवड्यांत ओसरत जाते. ज्यांना चीक मिळालाच नाही त्यांच्याजवळ तेवढेही कवच नसते. पार्व्हो हा विषाणूजन्य रोग रक्ताची हगवण आणि उलट्या यांनी दोन-तीन दिवसांत पिल्लाला संपवतो, आणि त्याचा विषाणू मातीत कित्येक महिने तग धरतो, म्हणून एकदा पार्व्हो झालेल्या अंगणात नवी पिल्ले ठेवत नाहीत. डिस्टेंपर हा दुसरा रोग नाक-डोळ्यांतून चिकट स्राव, खोकला आणि पुढे झटके अशा क्रमाने मज्जासंस्थेपर्यंत पोचतो. या दोन्हींविरुद्धची संयुक्त लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू करून सोळा आठवड्यांपर्यंत ठरावीक अंतराने पुन्हा देतात, कारण आईकडून आलेली प्रतिपिंडे नेमकी कधी ओसरतील हे प्रत्येक पिल्लात वेगळे असते आणि ती असेतो लस नीट लागू पडत नाही. लस दोन ते आठ अंश तापमानात राहिली पाहिजे, ही अट तालुक्याच्या ठिकाणी कागदावर साधी आणि व्यवहारात अवघड आहे. वीज गेलेल्या दुपारी बर्फाच्या डब्यातून लस आणणाऱ्या माणसाचे मोल म्हणूनच पैशांत करता येत नाही.

शरीर वाचवताना मनही घडवावे लागते. तिसऱ्या ते साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिल्लाच्या सामाजिक शिक्षणाचा असतो, म्हणजे या काळात ज्या माणसांची, आवाजांची, जागांची ओळख होते त्यांना ते आयुष्यभर बिचकत नाही, आणि ज्यांची होत नाही त्यांची भीती नंतर मोठ्या कष्टाने घालवावी लागते. पिंजऱ्यांच्या रांगेत हे शिक्षण होत नाही. त्यासाठी तात्पुरते पालकघर लागते, म्हणजे पिल्लू कायमचे न ठेवता काही महिने आपल्या कुटुंबात सांभाळणारे घर. या साखळीतला सर्वांत दुर्मीळ दुवा हाच आहे. लसीसाठी देणगी मिळते, प्रवासाचा खर्च दत्तक घेणारे उचलतात, पण वाढत्या पिल्लाने चपला कुरतडाव्यात, रात्री रडावे, आणि नीट रुळल्यावर ते निघून जावे, हे सारे स्वखुशीने पत्करणारी घरे शोधावी लागतात.

परदेशी जाणाऱ्या पिल्लाचे यापुढचे वेळापत्रक रेबीज ठरवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील रेबीजच्या मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के भारतात होतात, त्यामुळे भारतातून निघणाऱ्या प्रत्येक कुत्र्याकडे परदेशी यंत्रणा याच दृष्टीने पाहतात. युरोपीय संघाच्या नियमांप्रमाणे आधी पिल्लाच्या मानेजवळ कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी सूक्ष्मपट्टिका बसवली जाते, जिच्यावर यंत्राने वाचता येणारा पंधरा अंकी क्रमांक असतो; त्यानंतर, पिल्लू किमान बारा आठवड्यांचे असताना, रेबीजची लस देतात. क्रम उलटला तर लस मोजलीच जात नाही. लसीनंतर किमान तीस दिवसांनी रक्त काढून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत प्रतिपिंडांचे प्रमाण तपासतात आणि ते मिलिलिटरमागे ०.५ आंतरराष्ट्रीय एककांहून कमी चालत नाही. अहवाल चांगला आला तरी रक्त काढल्याच्या तारखेपासून तीन महिने थांबावे लागते. बाहेरून पाहणाऱ्याला ही प्रतीक्षा निष्ठुर वाटते, परंतु तिच्यामागे ठोस कारण आहे: रेबीजचा विषाणू चावा आणि लक्षणे यांच्या दरम्यान कित्येक आठवडे, कधी महिने शरीरात दडून राहतो, आणि लस देण्यापूर्वीच संसर्ग झालेले पिल्लू असेल तर ते या काळात उघड व्हावे अशी त्यात योजना आहे. बारा आठवडे, तीस दिवस आणि तीन महिने यांची बेरीज केली की पिल्लू कितीही लवकर सापडले तरी जवळपास सात महिन्यांच्या आत युरोपला जाऊ शकत नाही. छायाचित्रातल्या मुठीएवढ्या जिवाच्या प्रेमात पडलेल्या कुटुंबाला प्रत्यक्षात लांब पायांचा, जवळजवळ पूर्ण वाढलेला कुत्रा मिळणार असतो, आणि हे त्यांना पहिल्याच पत्रात स्पष्ट सांगणे प्रामाणिकपणाचे असते.

इतर देशांची दारे आणखी अरुंद आहेत. कॅनडाने २८ सप्टेंबर २०२२ पासून रेबीजचा धोका अधिक असलेल्या देशांतून व्यापारी वर्गातील कुत्र्यांची आयात बंद केली, आणि दत्तक देण्यासाठी आणलेले कुत्रे त्याच वर्गात मोडत असल्याने भारतातून जाणारा एक मोठा मार्ग एका दिवसात थांबला. अमेरिकेत १ ऑगस्ट २०२४ पासून सहा महिन्यांखालील कुत्र्याला प्रवेश नाही आणि भारतात लसीकरण झालेल्या कुत्र्याला ठरावीक विमानतळांवरच, आधी नोंदवलेल्या तपासणी केंद्रामार्फत उतरावे लागते. ब्रिटनमध्ये विमानाने येणारा कुत्रा मालवाहतुकीच्या नोंदीनेच येऊ शकतो. ऑस्ट्रेलिया भारतातून थेट कुत्रा स्वीकारत नाही.

प्रवासाची तयारी त्या मानाने लवकर सांगून होते. निर्यातीचे आरोग्य प्रमाणपत्र केंद्र सरकारच्या पशु विलगीकरण व प्रमाणन सेवेकडून मिळते, जिची केंद्रे मुंबई, दिल्ली यांसारख्या महानगरांत आहेत, म्हणून पिल्लाला आधी तिथवर न्यावे लागते. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे प्रवासपेटी इतकी मोठी हवी की कुत्र्याला तीत ताठ उभे राहता, वळता आणि सहज आडवे होता येईल. झोपेचे औषध देऊन पाठवणे धोकादायक असल्याने पेटीची सवय आठवडे आधीपासून, तिच्यातच जेवण देऊन लावतात. काही मार्गांवर त्या देशात निघालेला एखादा प्रवासी स्वयंसेवक म्हणून कुत्र्याला आपल्यासोबत नेतो.

पोचल्यानंतरचे पहिले महिने पुन्हा कसोटीचे असतात. मोकळ्या अंगणात वाढलेल्या कुत्र्याला जिना, लिफ्ट, बर्फ आणि रस्त्यावरची शांतता हे सगळेच अनोळखी असते, आणि घाबरून निसटलेला कुत्रा अनोळखी शहरात स्वतःहून परत येत नाही, म्हणून सुरुवातीला गळपट्टा आणि छातीपट्टा अशा दोन्हींना दोर बांधून फिरवण्याचा आग्रह धरला जातो. जबाबदार संस्था करारात लिहून घेतात की कुटुंबाला कुत्रा ठेवणे अशक्य झाले तर तो परस्पर कोणाला न देता संस्थेला कळवावे, आणि त्यासाठी त्या देशात एक राखीव घर आधीच पाहून ठेवतात. ज्या संस्थेजवळ असे राखीव घर नाही तिने कुत्रा पाठवूच नये.

२०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रातील भटक्या कुत्र्यांची संख्या १२ लाख ७६ हजारांच्या घरात होती; परदेशी जाणारी पिल्ले या आकड्यात कुठेही दिसणार नाहीत. मागे राहणाऱ्यांचे काय, याचे उत्तर गोव्याने दिले आहे. तिथे ‘मिशन रेबीज’ या संस्थेने आणि राज्य सरकारने २०१४ पासून घरोघर आणि गल्लोगल्ली फिरून कुत्र्यांचे सामूहिक लसीकरण केले, कुत्र्यांमधील रेबीजचे प्रमाण ९२ टक्क्यांनी घटले, आणि २०२१ मध्ये गोवा हे रेबीज नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाले. एका पिल्लाला परदेशी पाठवण्यासाठी जी लस दिली जाते तीच ही लस. वनजिल्ह्यांत कुत्र्यांना डिस्टेंपरची लस देण्यालाही एक कारण आहे: २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गीरच्या जंगलात २३ सिंह दगावले तेव्हा त्यांच्यापैकी काहींत डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता, आणि ताडोबा-अंधारीपासून कन्हारगावपर्यंतच्या जंगलकाठच्या गावांत कुत्रे, बिबटे, वाघ आणि रानकुत्रे एकाच पायवाटेने आणि एकाच पाणवठ्याने वावरतात. गोंडपिपरीत वाचलेले पिल्लू बहुधा गोंडपिपरीतच, फार तर चंद्रपूर-नागपुरात राहणार आहे. धानाच्या राखणीला, शेळ्यांमागे, अंगणात त्याची गरजही आहे, आणि आपल्याकडच्या घरांनी विकतच्या जातिवंत कुत्र्याऐवजी ते आपलेसे केले तर त्याला सात महिने थांबावे लागत नाही. त्यासाठी हवे असते ते एवढेच: तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात तीन महिन्यांच्या वयात रेबीजची लस, योग्य वयात नसबंदी, आणि हिवाळ्यात पिल्लांच्या पहिल्या दोन आठवड्यांत रात्री उठून दूध पाजायला तयार असलेली गावागणिक दोन-चार घरे.